ओळखणाऱ्यानं भरायचा फॉर्म

माणसाचं शहाणपण मोजायला दोन फॉर्म लागतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. 'अ' फॉर्म ज्याचा त्यानं भरायचा. 'ब' फॉर्म त्याला चांगलं ओळखणाऱ्या कुणीतरी भरायचा. दोन्हींत तेच चोवीस प्रश्न, फक्त 'मी'च्या जागी 'ही व्यक्ती'. प्रत्येक प्रश्नापुढं पाच चौकोन: अजिबात नाही, थोडंसं, सांगता येत नाही, बरंचसं, पूर्णपणे. खूण कराल त्या चौकोनाचे गुण मिळतात, त्या गुणांची बेरीज होते आणि ती बेरीज म्हणजे तुमचं शहाणपण. असले फॉर्म मी शाळेत नोकरीला असताना निघाले असते तर आमच्या केंद्रातले निम्मे मास्तर मी एका दुपारी नापास केले असते.

एका विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला हिंगोली जिल्ह्यातल्या गावांमधून हे फॉर्म भरून हवे होते. घरोघर जाऊन प्रश्न वाचून दाखवणारी, चांगल्या अक्षराची माणसं ते शोधत होते. माझं अक्षर चांगलं आहे. खरं सांगायचं तर मला घरात बसवत नव्हतं. मिस्टरांना जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही, वसमतला दोन खोल्यांत मी एकटी राहते. सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं होतात. त्यानंतर कुणाचा आवाज ऐकायचा तर मलाच पेपर मोठ्यानं वाचावा लागतो. तो मी रोज वाचते आणि त्यातल्या चुकांना लाल पेनानं गोल करते. हे कुणाला दाखवायचं नसतं, तरी करते.

प्रशिक्षण हिंगोलीला झालं, एका हॉलमध्ये, एकच दिवस. शिकवणारे सर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, पण बोलायला गोड आणि शिस्तीचे. प्रश्न आहे तसाच वाचायचा. आपलं मत घुसडायचं नाही. घाई करायची नाही. कुणाला उत्तर बदलायचं असेल तर पहिल्या खुणेवर फुली मारून दुसरी करू द्यायची. 'ब' फॉर्म भरणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पाकिटात घालून चिकटवायचा, ज्याच्याबद्दल आहे त्याला तो दिसता कामा नये. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही प्रत्येकानं स्वतःचेही दोन्ही फॉर्म द्यायचे आहेत. 'अ' आज, 'ब' काम संपताना. म्हणजे लोकांना कसं वाटतं ते तुम्हालाही कळेल."

'अ' मी दहा मिनिटांत उरकला. मी निर्णय घेण्याआधी दुसऱ्याच्या बाजूनं विचार करते: बरंचसं. मला राग आवरता येतो: थोडंसं, कारण मी प्रामाणिक आहे. बारावा प्रश्न होता, 'माझी चूक झाली की ती मला कळते.' दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात ज्या बाईचा जन्म गेला तिला स्वतःची कळणार नाही होय? पूर्णपणे. मग शेवटच्या ओळीशी आले. 'तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि नातं.' तिथं पेन टेकवलं आणि तसंच धरून बसले. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं आईचं नाव लिहून कागद देऊनही टाकला. मी सरांना म्हटलं, नाव नंतर सांगते.

घरी येऊन मी खरोखरच विचार केला. भाऊ लातूरला असतो, दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो आणि वहिनीकडं फोन देतो. शाळेतले सहकारी ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो टाकतात. मग घरमालकीण आठवली. चार वर्षं एका भिंतीआड राहतो, म्हणून कोरा फॉर्म घेऊन तिच्याकडं गेले आणि राग आवरण्याचा प्रश्न नमुन्यादाखल वाचून दाखवला. ती बिचारी भांबावली. "आता काय सांगावं बाई? तुमच्या घरातून तं पेपर वाचल्याबिगर दुसरा आवाजच येत न्हाई." तिनं फॉर्म भरून दिला असता, सगळ्या खुणा 'सांगता येत नाही'वर करून. मी तो परत आणला. त्या संध्याकाळी मला फार एकटं वाटलं, इतकं की कुकर लावायचाही कंटाळा केला आणि दूध पिऊन पडले.

कुरुंद्याच्या बाजूची गावं माझ्या वाट्याला आली होती. फाल्गुनातले दिवस, जिकडंतिकडं हळद शिजत होती, अंगणांत, खळ्यांवर, रस्त्याच्या कडेला वाळत पडली होती. माझ्या गठ्ठ्यातल्या बहुतेक कागदांवर पिवळी बोटं उमटली होती. तिथं मला दिसलं की माझ्या अगदी उलटी अडचण या लोकांची आहे. 'अ' फॉर्म कुणी धड भरू देईना. "आपल्या तोंडानं आपलं काय सांगावं? चार मानसं हायेत की, त्याहिला इचारा." लोक तुमच्याकडं सल्ला मागायला येतात का, असं विचारलं तर म्हातारा लाजून दुसरीकडं बघायचा आणि त्याचे शेजारी एका सुरात सांगायचे, येतात, लई येतात. 'ब' फॉर्मला तर झुंबड उडायची. एका माणसाचा 'ब' फॉर्म भरायला पाचजण बसायचे, तिघं उभे राहायचे आणि त्यातले दोघं आपसात भांडायचे. एकाच माणसानं भरायचा असतो असं म्हटलं तर त्यांना ते विचित्र वाटायचं. एकटा माणूस काय सांगणार? मी मास्तरीणबाईचा आवाज काढून सगळ्यांना उठवायचे आणि मनात जळायचे.

त्यातल्या एका गावात यादीप्रमाणे एका अठ्ठावीस वर्षांच्या मुलीचं नाव आलं. लग्न झालेलं नव्हतं, घरची हळद तीच बघत होती. तिनं सावलीत बसून भराभर उत्तरं दिली. मी कागद आवरत होते तोवर तिच्या भावानं मोटारसायकल वाळत घातलेल्या हळदीवरून नेली. पोरगी ताडकन उठली आणि तिनं त्याला असं काही झापलं की समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. भाऊ मुकाट्यानं गाडी वळवून परत गेला. मला ती पोरगी आवडली.

तिचा 'ब' फॉर्म भरायला मी शेजारच्या आजीकडं गेले. आजी ओसरीवर हळदीचं कांडं मोडून आतला रंग बघत होती. ओळख किती वर्षांची, तर म्हणाली, जन्मल्यापासून. मी वाचलं, "ही व्यक्ती आपला राग आवरते."

"राग?" आजी म्हणाली. "तिला राग म्हंजी काय त्येच ठाव न्हाई. सोळा आणे लिवा."

दुसऱ्याचं ऐकून घेते? सोळा आणे. आडमुठेपणा करत नाही? सोळा आणे. सहाव्या उत्तरानंतर मला राहवेना. नियम बाजूला ठेवून मी म्हणाले, "आजी, आत्ता अख्ख्या गल्लीनं ऐकलं की."

आजीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चष्मा, पर्स, इस्त्रीची साडी. मग गोड आवाजात विचारलं, "तुमी कोन्या गावच्या? पोरगं काय करतं?"

"कुणाचं पोरगं?" असं मी विचारलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शहरातली अनोळखी बाई बिनलग्नाच्या पोरीला बघून जाते आणि लगेच शेजारी जाऊन पोरगी तापट आहे का विचारते, याचा इकडं एकच अर्थ होतो. आजी मला मुलाची आई समजत होती आणि तिच्या लेखी मी स्थळाची चौकशी करायला आले होते. मी तिला समजावलं की हा अभ्यास आहे, लग्नाबिग्नाचं काही नाही. तिनं दोनदा खात्री करून घेतली.

"मंग आधी सांगायचं व्हतं की," ती म्हणाली. "लिवा. लई तापट हाय. पर मनात ठेवत न्हाई, घटकाभरात इसरती. खोडा त्ये आधीचं."

आम्ही पहिल्यापासून फुल्या मारत आलो. कागदाची पार दशा झाली. मला हसू येत होतं, आणि हसता हसताच मी विचारून बसले, "आजी, चौकशीला आलेल्यांना असं खोटं सांगायचं?"

"त्यात काय खोटं? तापट हाय त्ये त्याहिला आठ दिसात कळंल." आजीनं कांडं सुपात टाकलं. "काई मोठं दुखनं-बिकनं असंल तं मी म्हन्ते, पोरीच्या मायला इचारा. सांगायचं का, कवा सांगायचं, त्ये तिची माय बघंल. दुसऱ्याचं लेकरू, आपल्या तोंडून काहून निंगावं?"

मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला आणि मला तो वाचता येईना. आजीनं तांब्या पुढं केला. ऊन लागलं असं तिला वाटलं असावं.

मला एक मैत्रीण होती. ती बाळापूरच्या रस्त्यावरच्या एका शाळेत होती, मी त्याच रस्त्यावर तिच्या अलीकडच्या गावात. वसमतहून आखाडा बाळापूरकडं जाणाऱ्या सकाळच्या एसटीत आम्ही बारा वर्षं शेजारी बसलो. जी आधी चढायची ती शेजारच्या जागेवर रुमाल टाकायची. दुसरी आली की जिचा रुमाल तिनं तो उचलायचा आणि बोलणं कालच्या ठिकाणाहून पुढं सुरू करायचं. माझ्या सासूपासून मला मूल न होण्यापर्यंत सगळं मी त्या सीटवर बोलले. तिच्या मुलीला बाराव्या वर्षापासून फिट यायच्या. नांदेडच्या डॉक्टरकडं ती मुलीला न्यायची तेव्हा मी रजा टाकून सोबत जायचे. मुलगी सतराची झाली तेव्हापासून फिट येणं थांबलं होतं.

मुलगी बावीसची असताना एक चांगलं स्थळ आलं. एका दुपारी मधल्या सुट्टीत मुलाची मावशी माझ्या शाळेत आली. तुम्ही त्यांच्या जवळच्या, म्हणून तुम्हालाच विचारतो, म्हणाली. मुलीची तब्येत वगैरे ठीक आहे ना? मी म्हणाले, लहानपणी फिट यायच्या, आता पाच वर्षांत एकही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांनी पहिली तेवढी घरी नेली. चार दिवसांनी नकार आला, आणि कारणासकट आला, त्यामुळं ते कारण वसमतभर झालं.

मैत्रिणीनं मला फोन केला. "काहून सांगितलंस?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "त्यांनी विचारलं म्हणून." तिनं फोन ठेवला. पुढच्या सोमवारी मी एसटीत चढले तर ती खिडकीबाहेर बघत होती. शेजारच्या सीटवर रुमाल होता. मी जवळ जाऊन क्षणभर थांबले. तिनं मान वळवली नाही, रुमाल उचलला नाही. म्हणजे जागा दुसऱ्या कुणासाठी धरलीय, माझ्यासाठी नाही, हे मी समजले. मागं जाऊन बसले आणि मलाच राग आला. खरं बोलल्याची ही शिक्षा होय? तो राग मी चांगला जपला. तिनं मग आधीची गाडी धरली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मिस्टर गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी ती आली होती, बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली आणि न बोलता गेली. मीही बोलले नाही. तिची मुलगी पुढं शिकली, नोकरीला लागली, लग्न केलं नाही. ते माझ्यामुळं की तिच्या मर्जीनं, हे विचारायचा मला हक्क नाही.

काम संपायला एक दिवस उरला तेव्हा माझ्या पिशवीत एकच फॉर्म कोरा होता, माझा स्वतःचा 'ब'. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या कॉलनीत मैत्रीण राहते, माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटं. अकरा वर्षं मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जात आले. त्या दिवशी सकाळी दहाला मी तिचं फाटक उघडलं. तिनं दार उघडलं आणि आम्ही दोघी एकमेकींचे पांढरे केस बघत उभ्या राहिलो.

"एक फॉर्म भरून पाहिजे होता," मी म्हणाले. कशी आहेस, एवढंही मला आधी म्हणता आलं नाही. माझा स्वभाव.

तिनं आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्म कसला ते ऐकून घेतलं. वरचा तपशील माझ्या हातानं भरायचा असतो, म्हणून मी विचारलं, "नातं काय लिहू?"

तिनं थोडा विचार केला. "एका गाडीनं जायचो, असं लिही."

मी तसं लिहिलं. गावात लोक या जागेसाठी भांडत होते, चुलती लिहा, शेजारीण लिहा, दोन्ही लिहा. मी फॉर्म तिच्यापुढं सरकवला आणि नियमाप्रमाणे दुसरीकडं बघू लागले. भिंतीवर मुलीचा फोटो होता, पांढरा कोट घातलेला. मैत्रीण मान वर न करता म्हणाली, "नांदेडला लॅबमध्ये हाय. गोळ्या कधीच बंद झाल्या." मग पुन्हा भरायला लागली. ओळीखाली डाव्या हाताचं बोट ठेवून ती एकेक प्रश्न वाचत होती, उत्तरपत्रिका तपासताना वाचायची तशीच. प्रत्येक खुणेपूर्वी थांबत होती. माझ्याबद्दल इतका वेळ कुणी विचार केल्याला किती वर्षं झाली, ते मला मोजता येईना.

"बारावा राहिला," ती म्हणाली. तिनं तो मोठ्यानं वाचला. "'या व्यक्तीची चूक झाली की ती तिला कळते.' ह्याचं मला खरंच ठाऊक न्हाई. तू सांग, मी खूण करते."

"तसं नियमात बसत नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पेन हातात धरून वाट बघत राहिली.

मला ठाऊक होतं ती काय विचारतेय. आजीची ओसरी माझ्या डोळ्यांपुढं होती. इतके दिवस आजीच्या त्या वाक्यानं माझी झोप नीट होत नव्हती. आणि तरी तोंड उघडलं तेव्हा अकरा वर्षं घोटलेलं वाक्यच बाहेर पडलं. "मी खोटं काही सांगितलं नव्हतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. "खोटं न्हवतं." तिनं खूण केली, कागदाची घडी घातली, पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. "जाताना फाटकाची कडी लाव. डुकरं शिरतात."

मी कडी लावली. जिनिंगच्या कोपऱ्यापर्यंत आले. पाकिटाचा डिंक अजून ओला होता, बोटाला चिकटत होता. तिनं कुठल्या चौकोनात खूण केली ते मला न बघता कळत होतं. मला स्वतःची लाज वाटली. 'तिच्या आईला विचारा' एवढं त्या मावशीला म्हणायला काय लागलं असतं? एक घास खाण्याइतका वेळ. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. मागून एका टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, बाजूला झाले, आणि परत फिरले.

ती अजून टेबलाशीच बसलेली होती, चष्मा हातात. मी दारातूनच बोलले, कारण आत जाऊन बसले असते तर पुन्हा समजावत बसले असते. "चुकलं माझं. त्या बाईला मी तुझ्याकडं पाठवायला पाहिजे होतं. तुझी पोरगी होती, सांगायचं का नाही ते तू ठरवायचं होतंस."

तिनं विचारलं, "फोडायचं का पाकीट? खूण बदलते." टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"नको," मी म्हणाले.

तिनं चष्मा पुसला, मिटला. "त्या सोमवारी मी तुझ्यासाठी रुमाल टाकला व्हता," ती म्हणाली. "मनात ठरवलं व्हतं, आपण उचलायचा न्हाई. तिला चुकल्यासारखं वाटत असंल तर ती स्वतः उचलंल आणि बसंल. तू येऊन उभी राहिलीस, त्येही मला कळलं. तुझं गाव येईपर्यंत मी त्यो रुमाल तसाच ठेवला. एक बाई उभी व्हती कडेवर लेकरू घेऊन, तिलाही बसू दिलं न्हाई."

आत तिचा फोन वाजला. मुलीचा रोजचा फोन असतो या वेळेला, ती म्हणाली, आणि उठून आत गेली. मी थोडा वेळ उभी राहिले. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं, जेवलीस का, डबा काय नेलास. मग मी दार ओढून घेतलं, फाटकाची कडी पुन्हा लावली आणि घरी आले.

पाकीट मी दुसऱ्या दिवशी हिंगोलीला तसंच जमा केलं. सरांनी सगळे गठ्ठे तपासले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं काम एकदम व्यवस्थित आहे. काही बदलायचं राहिलंय का?" मी म्हणाले, माझ्या 'अ' फॉर्ममध्ये एक खूण बदलायची आहे. त्यांनी तो शोधून दिला. बाराव्या प्रश्नापुढच्या 'पूर्णपणे'वर मी फुली मारली आणि 'थोडंसं'वर खूण केली.